दीड वर्षाच्या मुलीसाठी घरगुती पाळणाघर की डे-केअर केंद्र?

प्रश्न : अंत्रुजकर आई, फोंडा

नमस्कार. माझी मुलगी एकोणीस महिन्यांची आहे आणि पुढच्या महिन्यापासून तिला दिवसभर कोठे ठेवायचे, याचा निर्णय आम्हाला आता करावाच लागणार आहे. प्रसूतीची सव्वीस आठवड्यांची रजा संपल्यापासून आजवर माझी आई सावंतवाडीहून येऊन आमच्याकडे राहिली; परंतु वडिलांची प्रकृती पाहता तिला आता परतणे भाग आहे. सासूबाई सावईवेऱ्याला असतात. आपले गुडघे पाहता धावत्या नातीमागे धावणे आपल्याला झेपणार नाही, हे त्यांनी स्वतःहून मोकळेपणाने सांगितले, आणि पुढे कुरबुरी होण्यापेक्षा हे मला कितीतरी बरे वाटले. मी वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते, यजमान कुंडईला. सकाळी साडेसातला घर सोडून संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास मी परत येते.

आमच्यापुढे दोन जागा आहेत. पहिली आमच्याच वाड्यावर, पाच मिनिटांच्या अंतरावर. तेथे पन्नाशीच्या एक काकी आपल्या घरी चार मुले सांभाळतात, माझी मुलगी गेल्यास पाच होतील. सून घरीच असते आणि हाताखाली मदत करते. जेवण घरचे, उकड्या तांदळाची पेज, वरण-भात, संध्याकाळी नाचणीचे सत्त्व. घर स्वच्छ आहे. मात्र परसात विहीर आहे आणि आम्ही गेलो तेव्हा दोन्ही वेळा टीव्ही चालू होता. दुसरी जागा वेर्ण्याला, माझ्या कंपनीपासून जवळ असलेले एक केंद्र. एका बंगल्याच्या तळमजल्यावर वयानुसार वेगवेगळ्या खोल्या, आईवडिलांना मोबाइलवर दिसणारे कॅमेरे, खेळण्यासाठी कुंपण घातलेली जागा आणि सकाळी आठ ते संध्याकाळी साडेसहा अशी ठरलेली वेळ. तेथील शुल्क काकींच्या जवळजवळ दुप्पट आहे, पण तेवढे आम्हाला परवडू शकते.

माझे मन काकींकडे ओढ घेते आणि बुद्धी केंद्राकडे. यजमानांचे नेमके उलट आहे, त्यामुळे घरात रोज नव्याने चर्चा होते आणि रोज तेथेच थांबते. ज्यांनी यांपैकी एखादा मार्ग प्रत्यक्ष वापरला आहे, त्यांनी कृपया सांगावे की या वयाच्या मुलासाठी कशाला अधिक महत्त्व द्यावे.

उत्तर : बार्देसची वहिनी, म्हापसा

माझा मुलगा आता शाळेत जातो. सव्वा वर्षाचा असल्यापासून तीन वर्षांचा होईपर्यंत तो आमच्या घराजवळच्या एका बाईंकडे राहिला. तो काळ आम्हाला सुखाचा गेला, तरी त्याची दुसरी बाजूही मी सांगणार आहे, कारण घरगुती पाळणाघराची स्तुती करणारे लोक ती बाजू सहसा गाळतात.

चांगले असे की तेथे मूल एका माणसाला ओळखते आणि ते माणूस मुलाला. डोळे चोळायला लागला म्हणजे याला झोप येत नसून भूक लागली आहे, हे त्या बाईंना माझ्याआधी कळायचे. आपल्याहून थोड्या मोठ्या मुलांकडे पाहत तो चमच्याने जेवायला शिकला. आमच्या घरात मराठी, त्यांच्या घरात कोकणी, आणि दोन वर्षांचा होईपर्यंत तो कोणाशी काय बोलायचे ते अचूक ओळखू लागला होता. मांडवी पुलावरच्या गर्दीत अडकून मला तासभर उशीर झाला, तरी तो त्यांच्या घरातल्या माणसांत बसून जेवत असे आणि माझ्या जिवाला घोर नसे. केंद्रात उशिराचे पैसे भरावे लागतात हा भाग सोडाच, पण दिवे मालवलेल्या खोलीत आपलेच मूल शेवटचे उरले आहे ही कल्पनासुद्धा मला सोसली नसती.

आता दुसरी बाजू. संपूर्ण व्यवस्था एका माणसाच्या प्रकृतीवर आणि नात्यागोत्यावर उभी असते. चवथीच्या दिवसांत बहुतेकांना सुटी असते, त्यामुळे तेव्हा अडत नाही. अडते ते त्यांच्या गावच्या जत्रेला, भाचीच्या लग्नाला, जावेच्या बाळंतपणाला आणि त्यांच्या स्वतःच्या तापाला. सकाळी सातला फोन येतो आणि त्या दिवशी नवराबायकोपैकी कोणाची रजा जाणार यावरून चहाच्या आधीच वाद सुरू होतो. दुसरी गोष्ट अशी की पैसे देण्याघेण्याचा हा व्यवहार शेजारधर्माच्या आवरणाखाली चालतो आणि त्यामुळे तक्रार करणे अवघड होऊन बसते. टीव्ही बंद ठेवा असे वयाने मोठ्या बाईला सांगितले की उत्तर ठरलेले असते : आम्ही काय मुले वाढवली नाहीत? ते खोटे नसते, म्हणूनच त्यावर बोलता येत नाही.

ताई, तुमच्या काकींकडे सून मदतीला आहे, ही मला सर्वांत जमेची बाजू वाटते. पण सून दिवसभर घरी असते की अर्धवेळ बाहेर जाते, ती स्वतःच्या बाळंतपणाच्या तयारीत तर नाही ना, नोकरी शोधते आहे का, हे सगळे आडवळणाने का होईना विचारून घ्या. चौकशी थोडी आगाऊपणाची वाटेल, परंतु पाच मुलांमागे दोन मोठी माणसे आणि पाच मुलांमागे एकच माणूस, ही दोन वेगळी पाळणाघरे आहेत.

उत्तर : पाळणाघर चालवणारी, मडगाव

मी स्वतः एक केंद्र चालवते, तेव्हा माझे मत एका बाजूला झुकलेले असणार, हे धरून चालावे. तरीही आमच्या व्यवसायातील काही गोष्टी आईवडिलांना आतून कळाव्यात असे मला वाटते.

प्रथम कॅमेऱ्याविषयी. पालक येतात आणि कॅमेरे आहेत म्हटल्यावर निर्धास्त होतात. कॅमेरा खेळण्याची खोली दाखवतो. लंगोट बदलण्याची जागा, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर तो दाखवत नाही, आणि दाखवूही नये. शिवाय दिवसभर मोबाइलवर मुलाकडे पाहत बसणाऱ्या आईचे ना काम होते ना मनाला शांतता लाभते. तुम्ही केंद्र पाहायला दुपारी साडेबारा-एकला जा, जेव्हा सगळ्या मुलांना एकाच वेळी भूक आणि झोप आलेली असते. आणि पुन्हा एकदा संध्याकाळी साडेपाचला जा, जेव्हा निम्म्या मावश्या घरी गेलेल्या असतात आणि सगळ्या वयोगटांतील उरलेली मुले एका खोलीत गोळा केलेली असतात. सकाळी दहाला प्रत्येक केंद्र चांगलेच दिसते, आमचेसुद्धा.

दुसरे, माणसांचे प्रमाण. मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीनंतर केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २०१८ मध्ये पाळणाघरांसाठी किमान मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत तीन वर्षांखालील दर १० मुलांमागे एक प्रशिक्षित कर्मचारी आणि जोडीला एक मदतनीस असे प्रमाण सांगितले आहे, तर प्रत्येक मुलामागे १० ते १२ चौरस फूट जागा असावी असे म्हटले आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना १३ ते ३५ महिन्यांच्या वयासाठी चार मुलांमागे एक मोठे माणूस असावे असे सुचवते. या दोन आकड्यांतील अंतर पाहिले म्हणजे आपल्याकडचा किमान निकष किती सैल आहे ते समजते. ज्यांनी दीड वर्षाची दहा मुले एका दुपारी सांभाळून पाहिली आहेत, त्यांना हे आकडे न सांगताही पटेल. केंद्रात एकूण किती मावश्या आहेत हा प्रश्न निरुपयोगी आहे. तुमच्या मुलीच्या खोलीत, तुमच्या वेळेत, नेमक्या किती असतात ते विचारा.

तिसरे, त्या मावश्या किती दिवस टिकतात. आमच्या व्यवसायात पगार कमी असतो आणि गोव्यात हॉटेलात, दुकानात किंवा कारखान्यात थोडे अधिक पैसे मिळाले की मुली निघून जातात. केंद्राचे नाव तेच, भिंतीवरचे रंगीत हत्ती तेच, पण मुलाला कुशीत घेणारी व्यक्ती वर्षातून तीनदा बदलली, तर त्या मुलाच्या लेखी ते दर वेळी नवे पाळणाघर असते. म्हणून या खोलीत सर्वांत जुनी मावशी कोण आणि ती कधीपासून आहे, हे विचारा, आणि उत्तर देणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहा. पोलीस पडताळणीची कागदपत्रे मागण्यात संकोच बाळगू नका. आणि ज्या केंद्रात पालकांना ठरलेल्या वेळेशिवाय आत येऊ देत नाहीत, ते इतर बाबतींत कितीही चांगले असले, तरी मी माझे नातवंड तेथे ठेवणार नाही.

आता केंद्राच्या बाजूने एकच मुद्दा मांडते, पण तो मला सर्वांत वजनदार वाटतो. एकोणीस महिन्यांचे मूल घरी येऊन काय झाले ते सांगू शकत नाही. अशा वेळी तेथे एकमेकांकडे पाहणारे डोळे किती आहेत, याला मोल असते. घरगुती पाळणाघरात बंद दाराआड एकच कुटुंब असते, त्या घरात येणारेजाणारे पाहुणे, दुपारी झोपायला येणारा दीर, शेजारचा वाढत्या वयाचा मुलगा, यांची नोंद कोणी ठेवत नाही. बहुतेक घरे चांगलीच असतात, मीही तेच मानते. पण चौकशी करताना काकींबरोबर त्या घरात राहणाऱ्या प्रत्येकाची चौकशी करावी. गोव्यात २००३ पासून मुलांसाठी स्वतंत्र कायदा आणि त्याखाली बाल न्यायालय आहे, चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांकही आहे, परंतु ही सर्व साधने घटना घडल्यानंतरची आहेत.

उत्तर : बालरोगतज्ज्ञ, पणजी

वैद्यकीय बाजूने थोडे लिहितो. कोणते केंद्र वा कोणते घर याविषयी मी रुग्णांच्या पालकांना सल्ला देत नाही, येथेही देणार नाही.

मूल प्रथमच इतर मुलांत मिसळू लागते, तेव्हा पहिले वर्ष आजारांचे जाते. लहान मुलांना वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी-पडसे होणे स्वाभाविक मानले जाते. गटात राहणाऱ्या मुलांमध्ये ही संख्या आणखी वाढते आणि गट जितका मोठा तितकी अधिक वाढते. या दृष्टीने पाच मुलांचे घर तीस मुलांच्या केंद्रापेक्षा सौम्य ठरते. परंतु हा हिशेब पुढे बराचसा फिटतो, कारण जी मुले लवकर गटात राहिली ती शाळेच्या पहिल्या वर्षांत तुलनेने कमी आजारी पडतात, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. म्हणून केवळ सर्दीच्या भीतीने निर्णय घेऊ नये. पावसाळ्यात हात-पाय-तोंडाचा आजार पाळणाघरांतून फिरतो. तोंडात फोड, तळहात-तळपायांवर पुरळ आणि ताप अशी लक्षणे असतात, तो विषाणूमुळे होतो, प्रतिजैविकांचा त्यावर उपयोग नसतो आणि सात ते दहा दिवसांत बहुतेक मुले बरी होतात. लाळ आणि विष्ठा यांतून तो पसरतो, त्यामुळे लंगोट बदलल्यानंतर सांभाळणारी व्यक्ती साबणाने हात धुते की नाही, ही गोष्ट तुम्ही डोळ्यांनी पाहून घ्यावी. सोळा ते चोवीस महिन्यांच्या टप्प्यातील गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणी लसीचा बूस्टर झाला आहे ना, हे पाहा; इन्फ्लुएन्झा आणि कांजिण्यांच्या लशींविषयी आपल्या डॉक्टरांशी बोला.

वयाविषयी. आई दिसेनाशी होताच रडू कोसळणे हे साधारण आठ-नऊ महिन्यांपासून सुरू होते, दहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान सर्वाधिक असते आणि पुढे हळूहळू ओसरते. तुमची मुलगी या चढणीच्या शेवटाला आहे. ती रडेल, दोन्ही ठिकाणी रडेल, आणि पहिल्या आठवड्यातील रडण्यावरून जागेची परीक्षा करू नये. चौथ्या आठवड्यातही ती त्या घराच्या दारात पोहोचताच ताठरत असेल, जेवणे-झोपणे बिघडले असेल, तर मात्र कारण शोधावे.

टीव्हीविषयी तुम्ही लिहिले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार एक वर्षाच्या मुलांना बसवून पडदा दाखवूच नये आणि दोन वर्षांच्या मुलांसाठी तो दिवसाला एक तासाच्या आत असावा. काकी स्वतः पाहतात आणि मुले पाठ करून खेळतात, असे असले तर ती गोष्ट त्यामानाने क्षुल्लक. परंतु मुलाला भरवण्यासाठी किंवा शांत करण्यासाठी मोबाइल हातात दिला जात असेल, तर ते मला अधिक गंभीर वाटते. या वयात दुपारची झोप धरून ११ ते १४ तास झोप लागते, आणि ती कोणत्याही औषधाशिवाय यावी. हे स्पष्ट लिहितो, कारण मुले गुंगावतात म्हणून सर्दीचे औषध देण्याची वाईट सवय काही ठिकाणी आढळते. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांसाठी वापरू नये, असा इशारा बाटलीवर छापण्याचा आदेश देशाच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला आहे. आमच्या लेखी परवानगीशिवाय कोणतेही औषध द्यायचे नाही, एवढे वाक्य दोन्ही ठिकाणी पहिल्याच दिवशी सांगावे.

घर की केंद्र या मूळ प्रश्नावर अमेरिकेत १९९१ पासून तेराशेहून अधिक मुलांचा जन्मापासून पाठपुरावा करणारा एक मोठा अभ्यास झाला. चांगल्या केंद्रांतील मुले भाषेत किंचित पुढे, दीर्घ तास केंद्रात राहिलेल्या मुलांत हट्ट-भांडणे किंचित अधिक, असे त्यात दिसले. परंतु हे फरक लहान होते आणि मुलाच्या वाढीशी सांभाळणाऱ्याच्या वागणुकीचा, त्याहूनही अधिक त्याच्या स्वतःच्या घराचा संबंध होता. त्या देशातील निष्कर्ष जसाच्या तसा आपल्याकडे लागू करता येत नाही, तरी निर्णय चुकला तर मुलीचे आयुष्य बिघडेल असा धसका तुम्ही घेतला असल्यास, तो त्याने कमी व्हावा.

विहिरीविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून मी लिहितो. चालायला लागलेले मूल काही इंच पाण्यातही बुडू शकते. भरलेली बादली पुरते. विहीर हा मुद्दा टीव्हीच्या आधी घ्यावा.

अंत्रुजकर आई, फोंडा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. विचारलेल्या गोष्टींची माहिती देते. काकींची सून पूर्ण वेळ घरी असते आणि शिवणकाम करते, तेही घरीच. घरात काकींचे यजमान आहेत, निवृत्त आहेत. मुलगा बोटीवर असतो आणि वर्षातले बरेच महिने बाहेर असतो. विहिरीला कठडा आहे, परंतु तो माझ्या गुडघ्याच्या थोडा वर येतो, आणि परसाचे दार दिवसा उघडे असते. वेर्ण्याच्या केंद्रात लहान मुलांच्या खोलीत आठ मुले आणि दोन मावश्या आहेत, असे सांगण्यात आले. त्यांपैकी एक तेथे केंद्र सुरू झाल्यापासून आहे. म्हणजे प्रमाणाच्या दृष्टीने केंद्र वाईट नाही आणि माझा पेच तसाच राहिला.

एक गोष्ट आधी लिहायची राहिली होती. मी कंपनीच्या बसने जाते. मुलीला वेर्ण्याला न्यायचे ठरले, तर मला बस सोडावी लागेल, कारण बसमध्ये मुलांना नेता येत नाही. आमच्याकडे एक गाडी आहे, ती यजमान नेतात, आणि माझ्याकडे स्कूटर आहे.

उत्तर : सासष्टीकर बाबा, मडगाव

तुमच्या शेवटच्या परिच्छेदाने माझ्या दृष्टीने प्रश्न बराचसा सुटला. फोंड्याहून बोरीच्या पुलावरून लोटलीमार्गे वेर्ण्याला रोज दीड वर्षाच्या मुलीला स्कूटरवरून नेणे आणि आणणे, तेही जूनपासून सप्टेंबरपर्यंतच्या आपल्या पावसात, हा विचार कृपया करू नये. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला दुचाकीवर नेताना चालकाला बांधलेला सुरक्षा पट्टा आणि मुलाच्या मापाचे हेल्मेट असलेच पाहिजे आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत ठेवला पाहिजे, असा केंद्रीय मोटार वाहन नियमांतील बदल २०२२ मध्ये अधिसूचित झाला. नियम पाळला तरी संध्याकाळी थकलेले, पेंगुळलेले मूल पुढे घेऊन त्या रस्त्याने येणे धोक्याचेच आहे. गाडी तुम्ही घेतली, तर यजमानांनी कुंडईला जाण्याची सोय वेगळी पाहावी लागेल, आणि दोघांच्या वेळा जुळवता जुळवता मुलीचा दिवस अकरा तासांचा होईल.

आमची मुलगी मी ज्या केंद्रात ठेवली होती, ते माझ्या कार्यालयाला लागून होते, आणि ते मला फार सोयीचे पडले; पण आम्ही राहतही तेथेच होतो. लोक जागांची तुलना करतात, तेव्हा दोन जागांमधल्या रस्त्याची तुलना करायला विसरतात. मुलीला दुपारी ताप आला आणि फोन आला, तर वेर्ण्याला तुम्ही दहा मिनिटांत पोहोचाल हे खरे, परंतु तापलेल्या मुलीला घेऊन घरी कसे याल? उलट ती काकींकडे असेल, तर कुंडईहून यजमान गाडी घेऊन येऊ शकतात, कुंडई फोंड्याला जवळच आहे. म्हणजे ताप आला की धावायचे काम वडिलांचे होईल, आणि ते झाले तर चांगलेच.

एक सूचना मात्र करतो. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय केली पाहिजे आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटण्याची मुभा दिली पाहिजे, ही तरतूद २०१७ मध्ये आली आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. सोय स्वतंत्र किंवा अनेक कंपन्यांनी मिळून सामाईक केली तरी चालते. तुमच्या कंपनीत इतके कर्मचारी असतील, तर तेथील स्त्रियांनी एकत्र येऊन हा विषय लेखी मांडावा आणि त्यात बसमध्ये मुलांना आणण्याची परवानगीही मागावी. याचा उपयोग तुम्हाला पुढच्या महिन्यात होणार नाही, पण तुमच्या प्रयोगशाळेत नुकतीच लग्न झालेली जी कोणी असेल, तिला होईल.

उत्तर : पाळणाघर चालवणारी, मडगाव

अंतराचा मुद्दा मला मान्य आहे. फोंड्यातच एखादे केंद्र असते, तर मी वेगळे लिहिले असते. आता काकींकडे ठेवायचे ठरलेच, तर केंद्रात ज्या गोष्टी आम्ही कागदावर करतो, त्यांपैकी काही तेथेही करून घ्याव्यात, असे सुचवते.

पैसे ठरवताना सुट्ट्याही ठरवा. त्या रजेवर असतील त्या दिवसांचे पैसे द्यायचे की नाही, यावरून पुढे मने दुखावतात. माझे मत असे की ते द्यावेत, वर्षाला काही दिवस भरपगारी सुटी त्यांनाही हवीच, आणि ती दिली म्हणजे जत्रेची तारीख त्या तुम्हाला आधी सांगतील. आमच्याकडे पाल्याचा फॉर्म असतो, तसा एक कागद तुम्ही स्वतः लिहून त्यांच्या फ्रिजवर लावा : तुमचे आणि यजमानांचे क्रमांक, डॉक्टरांचे नाव, कोणत्या खाण्याने अंगावर पुरळ येते, आणि मुलीला न्यायला तुम्हा दोघांखेरीज कोणाला परवानगी आहे. परवानगी म्हणजे नावानिशी. मामा आला होता म्हणून दिली, असे उत्तर ऐकण्याची पाळी येऊ नये.

टीव्हीविषयी त्यांना उपदेश न करता, दुपारी मुले झोपल्यावर तुमच्या मालिका जरूर पाहा, मुले जागी असताना तेवढा बंद ठेवा, असे सांगितले तर ऐकले जाण्याचा संभव अधिक. काकींच्या यजमानांना भेटा, त्यांच्याशी बोला, त्यांचा दिवस कसा जातो ते पाहा. यात अविश्वास दाखवण्यासारखे काही नाही. आणि पहिले काही महिने महिन्यातून एकदोनदा न सांगता लवकर जा. निमित्त सांगायला लागत नाही, कंपनीतून लवकर सुटले एवढे पुरते.

सुरुवात मात्र आजी असतानाच करा. पहिले तीनचार दिवस आजीने तेथे तास-दीड तास बसावे, नंतर तिने बाहेर जाऊन यावे, मग मुलीला जेवणापर्यंत ठेवावे आणि सर्वांत शेवटी दुपारच्या झोपेपर्यंत. झोप हा शेवटचा टप्पा असतो, अनोळखी घरात मूल सगळे करते, पण झोपत नाही. जाताना निरोप घेऊन जावे; नजर चुकवून पळणे सोपे वाटते आणि दुसऱ्या दिवशी त्याचे व्याज भरावे लागते.

उत्तर : बार्देसची वहिनी, म्हापसा

वरच्या सगळ्याला माझा दुजोरा. एवढीच भर घालते की काकी आजारी पडतील त्या दिवसासाठी दुसरे घर आजच पाहून ठेवा. सासूबाईंचे गुडघे रोजच्या धावपळीला नाही म्हणतात, पण महिन्यातून एखादा दिवस, यजमान अर्धी रजा घेऊन सोबत असतील, तर बहुधा हो म्हणतील. त्यांना तसे आधी विचारून ठेवा, सकाळी सातला नव्हे.

अंत्रुजकर आई, फोंडा

सासूबाईंना आजच विचारले. महिन्यातून दोन दिवस चालेल म्हणाल्या, परंतु मुलीला सावईवेऱ्याला आणून सोडावे, फोंड्याच्या फ्लॅटमध्ये त्यांना करमत नाही. ते आम्हाला मान्य आहे.

काकींकडे रविवारी दोघे मिळून जाणार आहोत. विहिरीवर लोखंडी जाळी आणि परसाच्या दाराला वरच्या बाजूला कडी, या दोन गोष्टींचा खर्च आम्ही करू, असे यजमान स्वतःच म्हणाले. जाळी बसेपर्यंत मुलीला तेथे ठेवायचे नाही, यावर आमचे दोघांचे प्रथमच एकमत झाले आहे. आई आणखी पंधरा दिवस थांबायला तयार आहे, तेवढ्यात फोंड्यातल्या कोणा फॅब्रिकेटरकडून जाळी करून घेता येईल असे वाटते. कोणी चांगल्या कारागिराची माहिती देऊ शकत असेल, तर कृपया कळवावे. बिजागरीची, कुलूप लावता येईल अशी आणि कळशी ओढण्यापुरती एका बाजूने उघडणारी जाळी हवी आहे, कारण काकी अजून पिण्याचे पाणी विहिरीचेच वापरतात.